झेब्रावर गाडी थांबवायची कशी: पुण्यात रोज गाडी चालवणाऱ्यांसाठी

झेब्रा क्रॉसिंगला गाडी थांबवण्यात शिकण्यासारखं काय आहे असं वाटू शकतं, ब्रेक दाबायचा आणि झालं. पण नळस्टॉपला किंवा स्वारगेटला कोपऱ्यावर थोडा वेळ नुसतं उभं राहून गाड्यांकडे बघा. थांबणारे बरेच असतात, पण कोणी उशिरा थांबतो, कोणी अर्धा झेब्रा खाऊन थांबतो, आणि कोणी इतकं हळूहळू पुढे सरकत राहतो की रस्ता ओलांडणाऱ्या मावशींना कळतच नाही की हा थांबला की नुसता स्लो झालाय, मग त्या एक पाऊल पुढे टाकतात, परत मागे घेतात, पिशवी सावरतात आणि तेवढ्यात शेजारून एक स्कूटर सुसाट निघून जाते. माझं म्हणणं एवढंच आहे की लवकर थांबा, पूर्ण थांबा, आणि तुम्ही थांबलाय हे समोरच्या माणसाला आणि मागच्या गाडीला दोघांनाही दिसेल असं थांबा. बाकी सगळं यातूनच येतं, ते आता सविस्तर सांगतो.

आधी लवकर म्हणजे किती लवकर. गाडी ५० च्या स्पीडला असेल तर ती एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. माणूस दिसला, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यात आरामात एक सेकंद जातो, कधी जास्तच, आणि मोबाईलकडे लक्ष असेल तर विचारूच नका. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवर अजून १४-१५ मीटर लागतात, म्हणजे एकूण २८-२९ मीटर. तीच गाडी ३० ला असेल तर एका सेकंदात ८ मीटर आणि ब्रेक लागल्यावर साधारण ५, एकूण १३ मीटरमध्ये उभी. आता हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा, ३० वाली गाडी जिथे पूर्ण उभी राहिली तिथपर्यंत ५० वाल्याचा ब्रेक अजून लागलेलाच नसतो, तो त्या जागेवरून फुल ५० नेच जातो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता साधारण ४ टक्क्यांनी वाढते, आणि वेग ५० वरून ६५ झाला तर गाडीच्या पुढच्या भागाची धडक बसलेला पायी माणूस मरण्याचा धोका साडेचार पट होतो. त्यामुळे रात्री रिकाम्या कर्वे रोडवर किंवा गणेशखिंड रोडवर ६५ म्हणजे काही फार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवा.

मग करायचं काय, तर झेब्रा ४०-५० मीटरवर दिसला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, कोणी ओलांडतंय की नाही हे नंतर बघू, आधी पाय काढा. ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवला तरी मागचा लाल दिवा लागतो आणि मागच्याला कळतं की पुढे काहीतरी आहे. मग फुटपाथच्या दोन्ही कडा बघायच्या, डिव्हायडरवर कोणी उभं आहे का ते बघायचं (पुण्यात अर्धा रस्ता ओलांडून डिव्हायडरवर अडकलेली माणसं कायम असतात आणि ती आपल्याला दिसत नाहीत कारण आपण डावीकडे बघत असतो), आणि माणूस असेल तर सरळ एका लयीत गाडी उभी करायची. स्टॉप लाइन असेल तर तिच्या अलीकडे, रंग उडालेला असेल तर झेब्राच्या एक-दोन मीटर अलीकडे. अगदी पट्ट्याला चिकटून थांबलं की चालणाऱ्याला भीती वाटते आणि शेजारच्या लेनवाल्याला तुमच्या गाडीआडून तो माणूस दिसत नाही.

थांबल्यावर हॉर्न नको. डिपर पण मारू नका, कारण आपल्याकडे डिपर म्हणजे "मी येतोय, बाजूला हो" असाच अर्थ लोक घेतात, तुम्ही चांगल्या मनाने "जा" म्हणून मारला तरी समोरचा थबकतो. आणि हात हलवून "या या, चला चला" सुद्धा करू नका, हे जरा विचित्र वाटेल पण त्याला कारण आहे. तुम्ही बोलावलं की माणूस तुमच्या भरवशावर न बघता निघतो, आणि तुमच्या पलीकडच्या लेनमध्ये कोण येतंय याची गॅरंटी तुमच्याकडे नसते. तुम्ही फक्त गाडी पूर्ण उभी करा, क्लच-ब्रेक दाबून स्थिर ठेवा, तो बघेल आणि निघेल.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ही एकच वाचली तरी चालेल. शेजारची गाडी झेब्राला थांबली असेल तर तिला ओलांडून पुढे जायचं नाही. रस्ता दोन-तीन लेनचा असला की सर्रास असं होतं, डावीकडे एक कार थांबते, तिच्या पुढून आजोबा निघतात, आणि दुसऱ्या लेनमधून येणाऱ्याला फक्त एक उभी कार दिसते. त्याला वाटतं बंद पडली असेल, किंवा कोणाला उतरवत असेल, तो स्पीड तसाच ठेवून बाजूने काढतो आणि आजोबा कारच्या बॉनेटआडून बाहेर येतात ते बरोबर त्याच्या समोर. दोघांनाही एकमेक दिसत नाहीत, शेवटच्या क्षणापर्यंत. चूक कोणाची यावर मग वाद होत राहतात, पण झेब्राजवळ उभी किंवा स्लो होणारी कुठलीही गाडी म्हणजे तिच्या पुढे माणूस आहे असंच समजायचं, दिसो वा न दिसो, आणि आपणही तिच्या रेषेत येऊन थांबायचं. माणूस नसेल तर तीन सेकंद गेले, बस्स. आणि जर तुम्हीच पहिले थांबलेले असाल तर आरशात बघा, बाजूने कोणी सुसाट येत असेल तर खिडकीतून हात बाहेर काढून तळवा खाली करून स्लो व्हायची खूण करा, चारी इंडिकेटर लावा. अशा वेळी चालणाऱ्याला "थांबा थांबा" म्हणून ओरडायला पण काही हरकत नाही, तिथे तो हॉर्नसुद्धा माफ आहे.

हेच पीएमपीच्या बसला लागू. बस स्टॉपवर उभी असली की उतरलेली माणसं बसच्या पुढूनच रस्ता ओलांडतात, झेब्रा असो नसो, आणि बस एवढी मोठी की माणूस तिच्या कडेला येईपर्यंत काहीच दिसत नाही. उभ्या बसला ओलांडताना स्पीड इतका कमी हवा की कोणी अचानक आलं तरी जागेवर थांबता येईल, शक्य असेल तर बसपासून एक-दीड मीटर लांबून जा. सातारा रोडला तर स्वारगेट ते कात्रज बीआरटीचे (बससाठी वेगळ्या ठेवलेल्या लेनचे) स्टॉप रस्त्याच्या मध्यभागी आहेत, म्हणजे बस पकडणारा प्रत्येक माणूस तुमचीच लेन ओलांडून तिथे जातो आणि बस येताना दिसली की पळत जातो. ती पळणारी माणसं बसकडे बघत असतात, तुमच्याकडे नाही. मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली पण असंच, गाडी आली की एकदम घोळका खाली उतरतो.

वळताना काय होतं ते बघू. डावीकडे वळताना आपलं सगळं लक्ष उजवीकडून येणाऱ्या ट्रॅफिककडे असतं, मान तिकडे वळलेली, गॅप मिळाला की आपण निघतो आणि पायी माणूस डावीकडून फुटपाथवरून उतरलेला असतो. म्हणून गाडी हलवायच्या आधी शेवटची नजर डावीकडे टाकायची, आरसा आणि मग प्रत्यक्ष कोपरा. ही सवय लागायला वेळ लागतो पण लावून घ्या. आणि लेफ्ट फ्री असतोच हा गैरसमज काढून टाका, जिथे तसा बोर्ड किंवा हिरवा बाण असेल तिथेच तो फ्री, आणि तिथेसुद्धा झेब्रावर चालणारा पहिला. उजवीकडे वळताना वेगळी भानगड आहे, आपण गाडीत उजवीकडे बसतो त्यामुळे काच आणि दरवाजा यांच्यामधला जो खांब असतो तो डोळ्याच्या अगदी जवळ येतो आणि त्याच्यामागे एक अख्खा माणूस लपतो. वाईट म्हणजे तुमची गाडी वळत असते आणि तो चालत असतो, तर तो बराच वेळ त्या खांबामागेच राहू शकतो. उपाय सोपा आहे, वळताना डोकं थोडं पुढे आणि मागे करून बघा, बसल्या जागी. उंच बॉनेटच्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी लहान मुलांसाठी हे जास्तच करायला हवं, पाच-सहा वर्षांचं पोर बॉनेटच्या अगदी पुढे उभं असलं तर ड्रायव्हरला दिसतच नाही.

सिग्नलबद्दल. टायमर ५ वर आला की पुण्यात सगळे पुढे सरकायला लागतात, ४, ३, आणि २ ला निम्मे लोक झेब्राच्या पलीकडे. त्याच वेळी कोणीतरी काका मध्यावर असतात, कारण ते निघाले तेव्हा त्यांना पुरेसा वेळ होता. एक धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात, तीन लेनचा साडेदहा मीटर रस्ता त्याला ९ सेकंदात पार होतो, पण गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास चालतात, त्यांना तोच रस्ता १३ सेकंदांचा आहे. म्हणून हिरवा लागला तरी आधी डावीकडे-उजवीकडे बघायचं, झेब्रा रिकामा झाला की मगच निघायचं, हिरवा म्हणजे माणसावर गाडी घालायची परवानगी नाही. आणि सिग्नलला मुळात स्टॉप लाइनच्या मागेच थांबा, तुम्ही झेब्रावर उभे राहिलात की चालणाऱ्यांना तुमच्या गाडीला वळसा घालून चौकाच्या मध्ये जावं लागतं, जिथे दुसऱ्या बाजूचा ट्रॅफिक चालू असतो. पुढे जाम असेल तरी तेच, पलीकडे गाडीभर जागा दिसत असेल तरच झेब्रा ओलांडा. या गोष्टी माझ्या मनाच्या नाहीत, २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत आहेत, सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगला स्लो होऊन थांबून पायी माणसाला आणि व्हीलचेअरवाल्याला वाट द्यायची आणि ट्रॅफिक तुंबलेला असेल तर क्रॉसिंग अडवायचं नाही. लाल तोडणं, हातात मोबाईल धरून चालवणं आणि राँग साइडने येणं हे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, पहिल्या वेळी १००० ते ५००० दंड आणि कैदेचीही तरतूद आहे.

टू-व्हीलरवाल्यांसाठी थोडं वेगळं, कारण पुण्यात टू-व्हीलर सगळ्यात जास्त आणि आपल्याला फटीतून जायची सवय. उभ्या गाड्यांच्या मधून पुढे जाताना झेब्राच्या आधी थांबा, कारण त्या गाड्या ज्याच्यासाठी थांबल्यात तो माणूस तुमच्याच फटीत बाहेर येणार आहे. जेएम रोड, एफसी रोड, लक्ष्मी रोड हे वन-वे आहेत, तिथे ओलांडणारा माणूस एकाच बाजूला बघून पाऊल टाकतो आणि त्याचं बरोबरच आहे, त्याने दुसरीकडे का बघावं? तिथे शॉर्टकट म्हणून उलट्या दिशेने येणारा त्याच्या पाठीत येऊन आदळतो. फुटपाथवर गाडी चढवणं हा पण तोच प्रकार. इलेक्ट्रिक स्कूटर चालवत असाल तर अजून एक लक्षात घ्या, तुमचा आवाज येत नाही. वयस्कर लोक कानावर बरंच अवलंबून असतात, मागून इंजिन ऐकू आलं की ते थांबतात, तुमच्या बाबतीत तो इशाराच नाही, म्हणून माणसांजवळून जाताना स्पीड सायकलचा ठेवा.

कोण ओलांडतंय त्याप्रमाणे पण थोडा फरक करायचा. पांढरी काठी दिसली तर पूर्ण थांबा आणि ते फुटपाथवर चढेपर्यंत हलू नका, इंजिन रेझ करू नका, ते आवाजावरून अंदाज घेत असतात. शाळेजवळ एक मूल पळालं की दुसरं त्याच्यामागे येणार हे धरूनच चाला, आणि मध्येच काही पडलं तर मूल परत मागे फिरतं हेही. माझी आई डेक्कनला एकटी जाते, सत्तरीच्या पुढची आहे, ती म्हणते मला गाडीची भीती वाटत नाही, गाडी थांबणार की नाही हे कळत नाही त्याची वाटते. वयस्कर माणसं मध्येच थबकतात ती यामुळे. त्यांनी थबकू नये असं वाटत असेल तर लांबूनच थांबा, दहा मीटरवर गाडी उभी दिसली की त्या माणसाचा चेहरा सुटतो आणि ते सरळ चालत जातात.

आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, तेव्हा पेठांमध्ये जे वारकरी फिरत असतात त्यातल्या कित्येकांना आपल्या शहराचे सिग्नल, वन-वे काही माहीत नसतं. ते झेब्रा शोधणार नाहीत. त्या दोन-तीन दिवसांत तिथे गाडी न नेलेली बरी, न्यावीच लागली तर चालण्याच्या स्पीडने.

पावसाळा. पहिल्या एक-दोन सरींना रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ मिळून निसरडं होतं, आणि ओल्या रस्त्यावर थांबायचं अंतर दुप्पटच धरून चाला. झेब्राचे पांढरे पट्टे ओले झाले की डांबरापेक्षा जास्त घसरतात, म्हणून टू-व्हीलरचा ब्रेक पट्ट्यावर जाऊन मारायचा नाही, त्याच्या आधी डांबरावर, हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक हळूहळू. कारच्या काचेवर वाफ धरली की हाताने पुसत बसू नका, एसी चालू करून हवा काचेवर सोडा, मिनिटभरात साफ होते. छत्रीवाल्या माणसाला छत्रीमुळे तुमची बाजू दिसत नाही, आणि तो डबकं चुकवायला कधी आडवा सरकेल सांगता येत नाही. रात्री अप्पर लावून आलात तर समोरच्या गाडीवाल्याचे डोळे दिपतात आणि तुमच्या दोघांच्या मधला चालणारा त्याला दिसतच नाही, दिवे लागलेल्या शहरात लो बीमवरच चालवायचं. हेडलाइटची काच मात्र पुसून ठेवा, चिखलाने निम्मा उजेड जातो.

गाडी लावताना पण झेब्रा आठवा. कोपऱ्यावर, झेब्राच्या अगदी आधी कार लावली की फुटपाथवरून उतरणारा माणूस कोणालाच दिसत नाही, त्याला डोकं बाहेर काढून बघावं लागतं, आणि मूल असेल तर अख्खंच बाहेर यावं लागतं. पाच मिनिटांचं काम असलं तरी नको. फुटपाथवर लावलेली गाडी माणसांना रस्त्यावर ढकलते ते वेगळंच. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की अडथळा नसलेला फुटपाथ हा पायी चालणाऱ्याचा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे, म्हणजे जगण्याच्या हक्कातला. २०२१ च्या ११ डिसेंबरला महापालिकेनं लक्ष्मी रोडचा काही भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन केला होता. एरवी त्याच रस्त्यावर खरेदीला आलेल्या बायकांना मुलांचा हात धरून गाड्यांमधून वाट काढत जावं लागतं.

झेब्राला थांबलं की मागचा हॉर्न वाजवतो, ही सगळ्यांची अडचण आहे, आणि खरं सांगायचं तर बरेच लोक थांबत नाहीत ते या हॉर्नमुळेच. वाजवू द्या. त्याला तुमच्यापुढचा माणूस दिसत नाहीये एवढंच. लवकर ब्रेक दिवा दाखवला असेल तर तो येऊन धडकत नाही, आणि हॉर्नला घाबरून तुम्ही गाडी सोडलीत तर जो मध्ये आहे त्याला पळायला जागा नसते.

आणि इतकं करूनही कोणाला धक्का लागलाच तर निघून जायचं नाही. गाडी उभी करा, चारी इंडिकेटर लावा, १०८ ला अँब्युलन्ससाठी किंवा ११२ ला फोन करा, जखमी माणसाला उगाच उचलून बसवू नका, मान-पाठ हलवू नका, मागून गाडी येऊन अजून धडकणार असेल तरच हलवा. जखमीला उपचार मिळवून देणं ही कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरची जबाबदारी आहे. जे मदतीला थांबतात त्यांना कलम १३४अ चं संरक्षण आहे, पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, हे जमलेल्या लोकांना मोठ्याने सांगा कारण पुष्कळ जण भीतीनेच पुढे येत नाहीत.

राहिली रंग उडालेल्या झेब्राची गोष्ट. तुमच्या रोजच्या वाटेवर असा असेल, किंवा झाडाच्या फांदीने सिग्नल झाकला असेल, तर महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर तक्रार टाका. दिवसा, रस्ता जरा रिकामा असताना फोटो काढा म्हणजे पट्टे कुठे होते ते दिसतं, चौकाचं नाव लिहा, कुठल्या दुकानासमोर किंवा शाळेसमोर ते लिहा आणि लोकेशन जोडा. "रस्ता खराब आहे" एवढंच लिहिलं तर तक्रार भलत्याच खात्यात जाते, म्हणून "झेब्रा आणि स्टॉप लाइन पुन्हा रंगवणे" असं स्पष्ट लिहा. काम न करता तक्रार बंद झाली तर नवा फोटो लावून परत टाका, आणि सोसायटीतल्या दोन-चार जणांनाही त्याच जागेसाठी टाकायला सांगा.